साठ पाट, एक खोली आणि टेबल सॉचा मोह

काका,
मी भांडुपला टेंभीपाड्यात राहते. वय 20, एस.वाय.बी.कॉम. माझे आजोबा कुडाळकडचे सुतार. लॉकडाऊनमध्ये ते आमच्याकडे अडकले आणि वेळ जात नव्हता म्हणून त्यांनी माझ्या हातात रंधा दिला. तेव्हापासून मी पोळपाट, मोबाइलचे स्टँड, छोटे देव्हारे करते. आतापर्यंत 11 वस्तू विकल्या, बहुतेक चाळीत आणि नात्यात. आता आईच्या ओळखीच्या एका काकूंनी मुलीच्या लग्नात पाहुण्यांना द्यायला 60 छोटे पाट मागितलेत. सागाचे हवेत, एकाचे 250 रुपये देतो म्हणतात. लग्न डिसेंबरात आहे. ही ऑर्डर घेऊन धंदाच सुरू करावा असं मनात आहे. त्यासाठी टेबल सॉ, म्हणजे टेबलात बसवलेली विजेची गोल करवत, घेते म्हणते. स्टँड आणि धूळ ओढायच्या मशीनसकट 70 हजार होतात. मामा उसने द्यायला तयार आहे, नाहीतर मुद्रा कर्ज आहेच. पप्पा मंत्रालयात क्लार्क आहेत. ते म्हणतात, आधी पदवी, मग काय ती लाकडं तासत बस. आमची खोली दहा बाय पंधरा, वर पोटमाळा. शेजारच्या खोलीतल्या काकांनी आवाजाची तक्रार केलीय. मी काय करू? लायसन्स वगैरे लागतं का?
– सानिका

सानिका,

तुझ्या पत्रात आकडे बरेच आहेत. 11 वस्तू, 60 पाट, 250 रुपये, 70 हजार. मी शोधत होतो तो आकडा मात्र कुठे सापडला नाही. एक पाट पुरा करायला तुला किती वेळ लागतो? तू तो लिहिला नाहीस, कारण बहुधा कधी मोजलाच नाहीस. छंदात कोण मोजतं? मीसुद्धा सुतारकामाच्या धंद्यात पहिली दोन वर्षं मोजला नव्हता. करी रोडच्या गाळ्याचं भाडं बायकोच्या पगारातून जात होतं आणि मी मात्र भेटेल त्याला सांगत होतो की धंदा झकास चाललाय.

तेव्हा मशीन, पप्पा, लायसन्स सगळं बाजूला ठेव. आधी पाट.

समज, पाट 8 इंच लांब आणि 6 इंच रुंद आहे. जाडी पाऊण इंच, म्हणजे वखारीतल्या भाषेत सहा सूत. ती हाती यायची तर फळी एक इंचाची घ्यावी लागते, उरलेलं रंध्याखाली जातं. फळीचे झाले 48 घनइंच. खाली दोन आडव्या पट्ट्या, त्यांचे मिळून 12. एकूण 60. एका घनफुटात 1,728 घनइंच. सागाचा भाव घनफुटाला 3,500 रुपये पडला असं धरून चालू. तुला वखारवाला जो भाव सांगेल तो या जागी घाल, रीत बदलत नाही. लाकडाचे आले 121 रुपये. पण फळीला गाठ निघते, टोकाला चीर असते, आणि दर कापाला पात्याच्या जाडीएवढं लाकूड भुसा होऊन जमिनीवर पडतं. त्याचेही पैसे तू मोजलेलेच असतात. पाव भाग त्यासाठी वाढवला की दीडशे झाले. पॉलिश पेपर, स्क्रू, पॉलिश यांचे 25. खोका आणि पोचवणं 20. म्हणजे 195 रुपये तुझ्या हातातून गेले आणि 55 उरले.

आता घड्याळ. एकेक पाट सुटा करत बसलीस तर दोन तास सहज जातात. म्हणजे तासाला साडेसत्तावीस रुपये. तेवढ्यात तुमच्या चाळीत कुणी भांडी घासायलाही येणार नाही. तेच काम टप्प्याने केलंस, म्हणजे आधी साठच्या साठ फळ्या कापल्या, मग सगळ्यांना भोकं पाडली, मग सगळ्या घासल्या, तर नगाला 50 मिनिटांवर येशील. त्याच्याखाली हाताने येणं मला तरी अवघड दिसतं. म्हणजे साठ नगांचे 50 तास. स्वतःला तासाला 120 रुपये मजुरी लावलीस तरी नगाला 100 झाले. 195 आणि 100, 295. त्यावर 15 टक्के टाक, कारण तीन-चार पाट फुकट जाणार आहेत, पाती बोथट होणार आहेत, विजेचं बिल येणार आहे. झाले 340. काकू 250 देतायत. म्हणजे त्यांच्या मुलीच्या लग्नात तू नगामागे 90 प्रमाणे 5,400 रुपयांचा आहेर करायला निघालीस, आणि त्याची पाकिटावर नोंदसुद्धा नाही.

तू बी.कॉम.ला आहेस. कॉस्टिंगच्या पुस्तकात हेच सगळं आहे. फरक इतकाच की तिथे कंपनीचं नाव असतं एबीसी लिमिटेड, आणि इथे सानिका.

काकूंना नाही म्हणू नकोस. भाव वाढवून भांडूही नकोस. लाकूड बदल. नीट वाळवलेलं, कीड लागू नये म्हणून औषध मारलेलं आंब्याचं लाकूड सागाहून खूपच स्वस्त मिळतं. घनफुटाला 1,200 धर. घट धरून नगाचं लाकूड 52 रुपयांत बसतं. बाकी सगळं वरच्याप्रमाणेच ठेवलं तर बेरीज 227 पर्यंत येते, आणि 250 मध्ये वर 23 रुपये उरतात. आंबा तसा शुभच. मात्र औषधाची चौकशी केल्याशिवाय घेऊ नकोस. आंब्याच्या लाकडाला कीड फार लवकर लागते, आणि लग्नानंतर चार महिन्यांनी साठ घरांत देवासमोर पाटाखाली पिवळा भुसा सांडलेला दिसला तर पुढची ऑर्डर विसर. एक पाट सागाचा आणि एक आंब्याचा करून काकूंकडे घेऊन जा. दोन्ही त्यांच्या हातात दे आणि सांग, हा 340, हा 250. मग त्या ठरवतील. बहुतेक बायका आधी आंब्याचा उचलतात आणि मग सागाच्या वासावर जातात. तो त्यांचा प्रश्न.

अर्धे पैसे आगाऊ घे. ओळखीच्या माणसाकडून आगाऊ मागायला जीभ जड होते, ठाऊक आहे. म्हणून तोंडाने मागूच नकोस. वहीच्या कागदावर लिहून दे: नग किती, माप काय, लाकूड कोणतं, कधी देणार, आगाऊ किती. कागदावर लिहिलेला आकडा दोघींपैकी कुणालाच टोचत नाही.

आता एक गोष्ट जी मला खरी महत्त्वाची वाटते. तू विकलेल्या 11 वस्तूंपैकी दोन तरी अगदी सारख्या होत्या का? माझा अंदाज, नव्हत्या. प्रत्येक देव्हारा वेगळा, प्रत्येक स्टँडला काहीतरी नवीन करून पाहिलेलं. मजा त्यातच असते. ही ऑर्डर त्याच्या बरोबर उलटी आहे. साठ वेळा तेच. माझ्याकडे कामाला आलेली चांगल्या हाताची तीन-चार मुलं पंधराव्या नगाला वैतागून निघून गेली. त्यांच्यात खोट नव्हती. त्यांना सुतारकाम आवडायचं, सुतारकामाचा धंदा आवडायचा नाही. तुझं काय आहे ते तुलाच माहीत नाही अजून, आणि ते 70 हजारांचं मशीन घेऊन कळणार नाही. दहा पाट कर. आजोबांना विचारून फर्मा बनव, म्हणजे दर वेळी मापं घ्यावी लागणार नाहीत. कापायचा एक, भोकांचा एक. पहिल्या पाटाला घड्याळ लाव आणि दहाव्याला लाव. चवथ्या-पाचव्या नगाला तुझ्या डोक्यात ‘हा फर्मा थोडा असा केला तर दोन मिनिटं वाचतील’ असं येऊ लागलं, तर या धंद्यात तुला करमेल. काहींना सगळी मजा त्या फर्म्यातच सापडते. मला सापडली होती. आणि नाहीच आलं तर तू वर्षाला चार देव्हारे कर, मन लावून, हवा तो भाव लावून. तेही वाईट नाही.

आता टेबल सॉ. सहा फुटी फळी त्यावर उभी चिरायची तर पात्याच्या अलीकडे सहा फूट हवेत आणि पलीकडे सहा फूट. मध्ये मशीन. तुमची खोली पंधरा फुटांची. म्हणजे एक टोक दारातून बाहेर, दुसरं गॅसच्या ओट्यावर. शिवाय लाकूड पात्यात अडकलं की ते मशीन फळी उलटी फेकतं, चालवणाऱ्याच्याच दिशेने. मी एकदा पोटावर झेललीय. पंधरा दिवस हसता येत नव्हतं. ज्या खोलीत आई पोळ्या लाटते तिथे ते यंत्र नको, हे मी तुला सल्ला म्हणून सांगत नाही, दम देऊन सांगतोय.

मुंबईत यंत्र परवडतं, ते ठेवायला जागा परवडत नाही. म्हणून इथले छोटे कारागीर कारखाना एका जागी मांडतच नाहीत, तो शहरभर पसरलेला असतो. कापणं वखारीत, नक्षी सीएनसीवाल्याकडे, म्हणजे संगणकावर चालणारं कोरायचं यंत्र असलेल्याकडे, जॉबवर्कने, जोडणी आणि घासणं घरी, पॉलिश कुणाच्या तरी गच्चीवर. दारूखान्याला जा. भांडुपहून कुर्ला, कुर्ल्याला हार्बर पकडायची, रे रोडला उतरायचं. लकडी बंदरच्या आसपास लाकडाच्या वखारी आहेत. त्यातल्या कित्येकांकडे आरा मशीन आणि रंधा मशीन असतं. फळी निवडायची, मापाची चिठ्ठी द्यायची आणि चिरून, दोन्ही बाजूंनी रंधा मारून घ्यायची. तुझ्या साठ पाटांचं कटिंग तुझ्या हातकरवतीने आठवडा घेईल, तिथे ते एका दुपारच्या आत उरकतं आणि त्याचे पैसे मशीनच्या किमतीपुढे किरकोळ असतात. लांब फळ्या आणू नकोस, तीन-तीन फुटांचे तुकडे करून घे. लोकलच्या मालडब्यात भाजीच्या टोपल्यांशेजारी निमूट बसतात.

पहिल्या वेळी वखारवाला तुझ्याकडे बघणार नाही. बघितलंच तर विचारेल, ‘पप्पा नाही आले?’ चिठ्ठीवर मापं सुतात लिहून ने. आठ सूत म्हणजे एक इंच, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्याशी ते लोक वेगळ्या आवाजात बोलतात. आजोबा मुंबईत असतील तर त्यांनाही ने. एक फळी कानाशी धरून टकटक करतील आणि बाजूला ठेवतील. का ठेवली ते विचार.

पैसे खर्चायचेच तर घासायचं ऑर्बिटल सँडर, एक बरं ड्रिल, लाकूड आवळून धरायचे चार शिकंजे आणि लाकडातला ओलावा मोजायचं छोटं मीटर घे. नागदेवी स्ट्रीटला हे सगळं एका गल्लीत मिळतं आणि नीट घासाघीस केलीस तर दहा हजारांच्या आसपास बसतं. काकूंच्या आगाऊ पैशांत जवळजवळ निघून जाईल. म्हणजे मामाला सोड. मामाचं कर्ज बिनव्याजी असतं खरं, पण दर भाऊबीजेला त्याची चौकशी होते. मुद्राची शिशु योजना 50 हजारांपर्यंत आहे. ती कुठे पळून जात नाही. दहा पाटांचं घड्याळ बघितल्यावर, दोन-तीन ऑर्डरी अंगावर घेतल्यावर तिचा विचार कर.

त्या ओलावा मोजायच्या मीटरवर हसू नकोस. मी ते नसल्याची किंमत मोजली आहे. धंद्याच्या तिसऱ्या वर्षी एका मंगल कार्यालयाची 40 चौरंगांची ऑर्डर मिळाली. जुलैत काम केलं. लाकूड दिसायला सुंदर, सरळ रेषांचं. फळ्या जोडल्या, खाली आडव्या पट्ट्या फेविकॉलने चिकटवून वर खिळे मारले. अगदी मजबूत. गणपतीच्या आधी पोचवले, शाबासकी घेतली. माघात फोन आला. 40 पैकी 26 चौरंग मधोमध उभे चिरले होते. मालकांनी ते टेंपोत भरून माझ्या गाळ्यासमोर उतरवले आणि एक शब्द न बोलता निघून गेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

चूक सर्वस्वी माझी होती. लाकूड हवेतला ओलावा पितं आणि सोडतं. पावसाळ्यात फळी रुंदीला फुगते, हिवाळ्यात आकसते. लांबीला जवळजवळ काहीच होत नाही. जे काय होतं ते रेषांच्या आडवं. मी फुगलेल्या फळीला आडव्या पट्टीने घट्ट बांधून ठेवलं. पट्टी तिच्या लांबीला आकसत नाही, फळी रुंदीला आकसायला बघते, जागा मिळत नाही, मग ती फाटते. त्यातून तो हॉल एसीचा. तुझ्या पाटाच्या खालच्या पट्ट्याही तशाच आडव्या आहेत. सहा इंचांत हालचाल थोडी असते, पण असते. तेव्हा पट्टी चिकटवू नकोस. मधला एक स्क्रू घट्ट, कडेच्या दोन स्क्रूंची भोकं पट्टीत लांबट ठेव, म्हणजे फळीला सरकायला वाव राहतो. आणि मीटरवर बारा-चौदा टक्क्यांच्या वर आकडा दिसला तर ती फळी पोटमाळ्यावर, मध्ये पट्ट्या घालून हवा खेळेल अशी रचून ठेव. घाई नको.

पॉलिशचंही यातच आलं. पावसाळ्याच्या दमट हवेत मारलेलं पॉलिश पांढुरकं होतं, धुकं धरल्यासारखं. तुझं लग्न डिसेंबरातलं, सोयीचं आहे. दिवाळीपर्यंत लाकूडकाम संपव आणि हवा कोरडी झाली की पॉलिश मार. चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश आजोबांना आवडत असेल, मलाही आवडतं, पण पूजेच्या पाटावर पाणी सांडणारच आणि चपड्यावर पाण्याचे पांढरे डाग पडतात. पाटाला मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश बरं. पोळपाटाला मात्र यातलं काहीही लावू नकोस. केमिस्टकडे मिळतं ते लिक्विड पॅराफिन दोन-तीन वेळा मुरव, हवं तर त्यात थोडं मधमाश्यांचं मेण वितळवून घाल. खायचं तेल नको, खवट होतं. आणखी एक. पेट्यांचं, पॅलेटचं जुनं लाकूड फुकट किंवा स्वस्त मिळतं म्हणून पोळपाटाला वापरायचा मोह होतो. त्यावरचा शिक्का बघ. एचटी म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. एमबी दिसलं की स्वयंपाकघराच्या वाटेलाही नेऊ नकोस.

जवसाचं तेल वापरत असशील तर हे चार ओळींचं वेगळं वाच. तेल पुसलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या की त्या आतल्या आत तापतात आणि आपोआप पेट घेतात. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. वापरून झाली की चिंधी पसरून बाहेर दोरीवर टाक किंवा पाण्याच्या डब्यात बुडव. चाळीत आग एका खोलीपुरती राहत नाही. आणि घासताना एन-95 मास्क. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ 1995 सालीच कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकली आहे. आजोबांनी आयुष्यभर मास्क लावला नाही, हे तू मला सांगू नकोस. माझ्या वडिलांनीही लावला नव्हता.

लायसन्सचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात भिण्यासारखं काही नाही. तू 18 पूर्ण आहेस, तुझ्या नावावर, तुझ्या पॅनवर धंदा करू शकतेस. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची नोंदणी, सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन होते आणि ती फुकट असते. जी साइट पैसे मागेल ती सरकारची नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने कायद्यात कामगार मोजकेच असतील तर नोंदणी लागत नाही, काम सुरू केल्याचं ऑनलाइन कळवायचं असतं. लोक अजून त्याला गुमास्ताच म्हणतात. मालाच्या विक्रीवर जीएसटी नोंदणी वर्षाला 40 लाखांच्या वर लागते. तू 40 हजारांवर आलीस की आपण पेढे खाऊ. राज्याबाहेर माल पाठवायचा तर नियम वेगळे आहेत, तेव्हा पहिलं वर्ष महाराष्ट्रातच विक. धंद्याचे पैसे वेगळ्या खात्यात घे, आईच्या गुगल पेवर नको.

कुणीतरी तुला पीएम विश्वकर्मा योजनेबद्दल सांगेल. सुतारांना 15 हजारांची अवजारं मिळतात, स्वस्त कर्ज मिळतं, हे खरं आहे. पण सरकारी नोकरीत असलेल्याच्या कुटुंबाला ती नाही, आणि लग्न न झालेली मुलगी कुटुंबातच धरतात. पप्पा मंत्रालयात आहेत. त्या रांगेत उभी राहून दिवस घालवू नकोस.

पप्पांशी वाद घालू नकोस. ते चुकीचं काही बोलत नाहीयेत. ज्या माणसाचे वडील सुतार होते आणि ज्याने स्वतः क्लार्कची नोकरी धरली, त्याने लाकडाचे पैसे येत नाहीत ते दिवस पाहिलेत. त्यांना रील दाखवून उपयोग नाही, वही दाखव. त्या माणसाचं आयुष्य फायली वाचण्यात गेलंय, आकडे लिहिलेला कागद ते आपोआप हातात घेतील. तारीख, लाकूड, तास, खर्च, उरले किती. आणि कॉलेज सोडायचं नाव काढू नकोस. 75 टक्के हजेरी ठेव. काम 50 तासांचं आहे. दर रविवारी पाच तास म्हणजे दहा रविवार, तेही परीक्षेचे तीन-चार आठवडे सोडून. आज श्रावण चालू आहे. बसतं की नाही बघ. रोज रात्री जागून करायचं काम हे नाही, आणि तसं करायला लागलं तर समज की हिशेब कुठेतरी चुकलाय.

पुढच्या वर्षी काय करायचं विचारशील, म्हणून एवढंच. गणपतीचं मखर. 2018 मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून घडी होणारं, माळ्यावर ठेवता येणारं लाकडी मखर लोक शोधत असतात. पण त्या ऑर्डरी आषाढात घ्याव्या लागतात आणि लाकूड उन्हाळ्यातच वाळवून ठेवावं लागतं. या वर्षी हात लावू नकोस. गणपतीची तारीख कुणासाठी पुढे जात नाही, आणि चतुर्थीच्या आदल्या रात्री अर्धवट मखर घेऊन गिऱ्हाइकाच्या दारात उभं राहणं काय असतं ते तुला इतक्यात कळायला नको.

राहिले शेजारचे काका. कायद्याने राहत्या वस्तीत दिवसा आवाजाची मर्यादा 55 डेसिबल आहे, रात्री दहा ते सकाळी सहा 45. चालू सँडर त्याच्या कितीतरी वर जातं, म्हणजे भांडायला गेलीस तर तूच चुकीची ठरशील. कटिंग वखारीत गेलं की अर्धा आवाज तसाही गेला. उरलेल्यासाठी एक पोळपाट घेऊन त्यांच्याकडे जा आणि विचार, तुमची झोपायची वेळ कोणती? रात्रपाळी करत असतील तर तुझी दुपार ही त्यांची मध्यरात्र आहे, आणि आजवर ते त्यांना कुणी विचारलेलंही नसेल. ते सांगतील त्या वेळात सँडर बंद, आणि हाताने रंधा. रंध्याचा आवाज भिंतीपलीकडे फारसा जात नाही.